साहेबाची गाडी आणि सोमवारचं तेल

हे पत्र घे, बेबी. उजेडात धर. दारात उभं राहून अर्ध्या डोळ्यानं वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. मोबाइल पालथा ठेव आणि नीट बस. काय म्हणालीस तू मला फोनवर? "मावशी, गाडी तेल खाते ना, मग सकाळी ताजं तेल भर, दुपारी कोणाला तरी दाखव आणि विकून मोकळी हो." असं बोललीस! विहारात पहिल्या रांगेत बसणारी, माझ्या सख्ख्या बहिणीची पोरगी! तेव्हाच चार शब्द सुनावले असते, पण त्या गाडीचं पुढे काय होणार हे मलाच कळत नव्हतं, म्हणून ओठ आवळून बसले. आता मझौलीला जाऊन आले, डोकं थंड झालं, तर सगळं लिहूनच पाठवते. तू काही इकडे येत नाहीस. धुवांधार धबधबा पाहायचा, नावेत बसायचं, संगमरवराचा हत्ती घ्यायचा आणि पळायचं, एवढंच जबलपूर तुम्हा नागपूरकरांना माहीत.

गाडी काहून घेतली ते आधी समजून घे. माझे गुडघे. बसची पायरी मला चढवत नाही. रेल्वेचा डबा तर त्याहून उंच. मदन महल स्टेशनवर मागच्या खेपेला दोन हमालांनी मला पोत्यासारखं वर ढकललं, आणि वरून एक जण म्हणतो, "माताजी, वजन कम करो." गेल्या दसऱ्याला नागपूरला येणं झालं नाही ते यामुळेच. लग्न होऊन इकडे आल्यापासून पहिल्यांदा दसऱ्याला मी घरात बसले. आमचे हे रिटायर झाले तेव्हा म्हणाले, "आता गाडी घेऊ. तुले पाय लांब करून नागपूरले नेतो." ऐकून मला बरं वाटलं. माझी चूक तेवढीच.

आता आमचे हे कोण? फॅक्टरीत तपासणीच्या खात्यात जन्म घालवलेला माणूस. तिथं तयार झालेला एकेक तुकडा भिंगाखाली धरायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, हेच काम. केसाएवढी रेघ दिसली तरी फेकून द्यायचे. घरात भाजी आणली तरी वांगी उजेडात फिरवून बघतात. असा माणूस गाडी घ्यायला गेला, आणि गाडी न बघता घेऊन आला.

काहून? तर ती साहेबाची गाडी होती. मोठे साहेब नोकरी संपवून मझौलीला आपल्या शेतावर राहायला निघाले होते आणि गाडी विकत होते. नाव घेत नाही, म्हातारा माणूस आहे. आमच्या फॅक्टरीवाल्या लोकांत एक वेड आहे: साहेबाची गाडी म्हणजे ठेवलेली गाडी. साहेबाचा सोफा, साहेबाचा फ्रिज, साहेबाच्या बंगल्यातला जुना कूलर, काहीही निघालं की आमचे लोक डोळे झाकून घेतात. मी विचारलं, "बोनेट उघडून पाह्यलं?" हे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी काही घाण बोलले. "अवो, साहेबाच्या समोर बोनेट उघडू? म्हणजे साहेबाले तोंडावर खोटं म्हणू?"

स्थळ पाहायला गेले, मुलगी न बघता पोहे खाऊन होकार देऊन आले. तसं झालं.

मग सुरू झाला तमाशा. सकाळी गाडी सुरू केली की मागून निळा धूर. थोडा नाही, डास मारायला मशीन येते तसा. समोरची बाई आमच्या किल्लीचा आवाज ऐकला की दोरीवरचे कपडे घरात घेऊन जायची. गाडी गरम झाली की धूर कमी, चढ आला की परत हजर. आणि तेल आज भरलं की चार दिवसांनी परत मागायची. आमचे हे म्हणायचे, "टॉलरन्समधी आहे." फॅक्टरीतला शब्द. थोडंफार इकडे-तिकडे चालतं, असा अर्थ. फॅक्टरीत कोणाला चालू दिलं नाही, ते साहेबाच्या गाडीला चालू द्यायला निघाले.

आणि सल्ले! आमच्या कॉलनीत रिटायर माणसाला सल्ला देण्याशिवाय काही येत नाही. शेजारचे गजभिये भाऊजी, तेही फॅक्टरीतलेच, म्हणाले, "वहिनी, तेल पिणं चांगलं असते. इंजिन तब्येतीनं आहे म्हणून पिते." इथल्या, जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजारातल्या मिस्त्रीनं घट्ट तेल भरलं, तर थंडीत गाडी सकाळी म्हशीसारखी कण्हायला लागली. दुसऱ्यानं एक बाटली ओतली, म्हणे इंजिनाचं टॉनिक आहे. टॉनिक तेलाबरोबर जळालं, धुराला फक्त गोड वास आला. तिसरा म्हणाला कुठून तरी गळत असेल. मी रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मग गेलं कुठं? कढईतलं तेल कमी झालं आणि ओट्यावर सांडलं नाही, म्हणजे ते जळालं. याला मिस्त्री कशाला लागते?

आणि हे तेल मोजायची पट्टी बघायचे तेही कसं? आमची गल्ली उताराची. गाडी नाकावर उभी असताना पट्टी काढायची आणि म्हणायचं, "फुल आहे." मी म्हटलं, वाटी तिरपी केली तर एका कडेनं वरण काठोकाठच दिसते. गाडी सपाट जागी लावा, इंजिन थंड होऊ द्या, पट्टी पुसा, परत घाला, मग बघा. चलो, बघितलं. पट्टी कोरडी ठण्ण.

तेव्हा मी सांगितलं, "मझौलीले चला. साहेबाले तोंडावर सांगा की गाडी नापास आहे, परत घ्या नाहीतर दुरुस्त करून द्या. तुम्ही सांगितलं नाही तर मी या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. मग मी आहे, माझे गुडघे आहेत आणि ही भिंत आहे."

हे हो म्हणाले. पण असं हो म्हणाले जसं दात काढायला बसलेला माणूस म्हणतो.

गोरखपूर ते कटंगी

थंडीचे दिवस, धुकं उतरलेलं. मी डब्यात धपाटे आणि मिरचीचा ठेचा घेतला, आणि कापडी पिशवीत तेलाचा डबा, जुनं फडकं आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं. बायका प्रवासाला निघतात तेव्हा शाल घेतात, स्वेटर घेतात. मी इंजिनचं तेल मांडीवर घेऊन निघाले. माहेरी कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

दमोह नाक्यापर्यंत इथल्या लोकांची गाडी चालवायची रीत बघत बसायची. नागपूरचा माणूस हॉर्न मारतो तो रागानं मारतो. इथला माणूस हॉर्न मारतो तो श्वास घेतल्यासारखा. मधोमध गाय बसलेली असते. तिला कोणी उठवत नाही, पण पायी जाणाऱ्या म्हातारीला मात्र "ओ माताजी, हटो" म्हणतात.

शहर सुटलं आणि दोन्ही बाजूंनी मटार. तू मटार पाहिला आहेस तो पिशवीतला. इथं डोळे जातील तिथपर्यंत हिरवंगार, मध्ये पांढरी फुलं, आणि बाया ओळीनं बसून शेंगा तोडून राहिलेल्या. पुढे कैमूरचा डोंगर सुरू होते म्हणतात. डोंगर काही फार उंच नाही, पण धुक्यात त्याची नुसती पाठ दिसत होती, झोपलेल्या बैलासारखी. छान दिसत होतं. मी हे म्हणणारच होते, तेवढ्यात एका चढावर यांनी ट्रकच्या पुढे जायला गाडी दाबली. मागून जो निळा लोट उठला त्यात डोंगर, मटार, बाया सगळं गायब. एक मोटारसायकलवाला खोकत खोकत बरोबरीनं आला आणि ओरडला, "अंकल, आग लगी है क्या?"

"नहीं भैया, बस थोड़ा धुआँ है," हे हसून म्हणाले.

"थोड़ा?" तो म्हणाला आणि नाकाला रुमाल बांधून निघून गेला.

कटंगीच्या अलीकडे गाडीतला तेलाचा लाल दिवा लागला. मी म्हटलं थांबवा. हे म्हणतात, "येते आता कटंगी." मी म्हटलं, तेलाशिवाय इंजिन चालवलं तर कटंगी येईल, पण आपण ढकलत येऊ. थांबले. सपाट जागा पाहिली, गाडी जरा निवू दिली, मी नरसाळं लावलं आणि यांनी तेल ओतलं. रस्त्यानं जाणारे लोक बघत होते. एका माणसानं विचारलं, "दीदी, तेल बेच रही हो?" माझ्या तोंडात ठेचा होता म्हणून तो वाचला.

कटंगी

कटंगीचे रसगुल्ले मोठे नावाजलेले आहेत. तू रसगुल्ला म्हणजे पांढरा समजशील. इथला काळा असतो, मुठीएवढा, आपल्या गुलाबजामाचा थोरला भाऊ. एक खाल्ला की जेवण नको. हे लोक दोन खातात आणि वर समोसा.

दुकानात यांना एकदम हाक आली, "अरे मेश्राम दादा!" बघतो तर रामदीन. रामदीन म्हणजे साहेबांचा ड्रायव्हर, जन्मभर तीच गाडी चालवलेला. आता रिटायर होऊन इथं आपल्या गावी राहते. माझ्या पाया पडला, यांना मिठी मारली, आणि मग रस्त्यावर उभी गाडी बघून त्याचा चेहरा एकदम पडला.

"दादा, ये आपने ली?"

"हाँ. क्यों?"

"नहीं, नहीं. अच्छी गाड़ी है." मग जरा जवळ येऊन हळूच, "तेल देखते रहते हो ना?"

मी रसगुल्ला खाली ठेवला. म्हटलं, "रामदीन भैया, इधर बैठो. सच बोलो."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐक. ही गाडी कितीतरी वर्षांपासून तेल खात होती. रामदीन दर सोमवारी सकाळी साहेब उठायच्या आधी डबाभर तेल ओतायचा. सकाळी लवकर जाऊन गाडी सुरू करायचा, फॅक्टरीच्या बंगल्यामागच्या पेरूच्या झाडांकडे गाडीची पाठ करून सगळा धूर निघू द्यायचा, आणि गरम झालेली स्वच्छ गाडी पोर्चमध्ये लावायचा. साहेब येऊन मागे बसायचे. रामदीन सुट्टीवर असला की दुसरा ड्रायव्हर ओतायचा. गाड्यांच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब सोडून सगळ्यांना.

"पर साहब को बोला क्यों नहीं?" मी विचारलं.

रामदीननं कानाच्या पाळ्या धरल्या. "दीदी, साहब को कौन बोले? साहब सबको बोलते थे, मेरी गाड़ी एक बूँद तेल नहीं माँगती. मीटिंग में बोलते थे. अब मैं कैसे बोलूँ कि माँगती है?"

म्हणजे बघ. एक माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं. बाकी सगळी फॅक्टरी त्याचं वाटणं टिकवायला तेल ओतत होती. आणि त्या सगळ्या तेलाचा शेवट माझ्या मांडीवरच्या डब्यात.

निघताना रामदीननं यांचे हात धरले. "दादा, मेरा नाम मत लेना." आमचे हे लगेच म्हणाले, "अरे नहीं, सवाल ही नहीं." मी म्हटलं, वा. निघालो तेव्हा सांगायला एक भित्रा होता, आता दोन झाले.

मझौली

मझौली म्हणजे मोठं गाव म्हण, तहसीलचं. बाजार, ट्रॅक्टर, खताची दुकानं, आणि वराहाचं एक फार जुनं देऊळ, ते बघायला लांबून लोक येतात. साहेबांचं शेत गावाबाहेर. घर कसलं, बंगलाच. वऱ्हांड्यात आरामखुर्ची, हॉलमध्ये काचेचं कपाट आणि कपाटात बॅडमिंटनचे चांदीसारखे कपच कप.

साहेब धोतर-स्वेटरमध्ये बाहेर आले. फॅक्टरीत कधी कोणाला बस म्हटलं नाही असा माणूस. इथं मात्र, "आओ मेश्राम, आओ भाभीजी, बैठो," म्हणून स्वतः खुर्च्या ओढायला लागला. मेमसाब घुघरी घेऊन आल्या. घुघरी म्हणजे ओल्या मटाराचे दाणे जिरं-मिरचीवर परतलेले. आपण तुरीचे सोले करतो तसंच समज, फक्त यांची मिरची म्हणजे मिरचीचा फोटो. मी पर्समधून ठेचा काढून मेमसाबना दिला. त्यांनी चाटला आणि पाणी पिऊन राहिल्या, पण परत चाटला. बाई मला आवडली.

आता आमचे हे. मटार छान आहेत सर. हवा छान आहे सर. विहिरीचं पाणी छान आहे सर. चहा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी डोळे मोठे करते, खोकते, चपलेनं पाय दाबते. हे बघतात आणि म्हणतात, "सर, पेरू भी बड़े अच्छे हैं." शेवटी साहेबांनीच विचारलं, "और, गाड़ी कैसी चल रही है?"

बेबी, समोर ताट वाढून कोणी घासही तोंडात घालते, असा तो प्रश्न होता.

हे म्हणाले, "फर्स्ट क्लास, सर."

मी उठले. मेमसाबना हात जोडले आणि सरळ फाटकाच्या बाहेर. काठी नव्हती, तरी चालले. गुडघ्यातून कळ निघत होती, तीही सहन केली. मागून यांचा आवाज आला, "अवो, कुठं चालली?"

"बस स्टँडवर."

"बसची पायरी तुले चढवते काय?"

"नाही चढवत. दोन हमाल लागतील. लागू द्या. गाडी फर्स्ट क्लास आहे ना, तुम्ही या तिच्यात बसून."

रस्त्यावर मटाराच्या पोत्यांवर बसलेले गडी बघायला लागले. म्हातारी नवऱ्याशी भांडून चालली, फुकटची करमणूक. मी थांबले नाही. मोठ्या चिंचेपर्यंत गेले, आणि मग मात्र पाय उचलेना. तिथंच बांधावर बसले. फाटक दिसत होतं. हे फाटकात उभे. एकदा माझ्याकडे बघत, एकदा वऱ्हांड्याकडे. साहेब तिकडे, बायको इकडे, आणि मधे तो माणूस हातात रिकामा कप घेऊन.

मग वळले आणि वऱ्हांड्याकडे गेले. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलले, कदाचित मुद्दाम. "सर, गाड़ी फर्स्ट क्लास नहीं है. गाड़ी तेल खाती है. मैं चेकिंग का आदमी हूँ सर, मेरे हाथ में कोई और देता तो मैं रिजेक्ट करता."

आवाज फाटला होता, पण बोलले.

मी परत गेले. साहेब उभे झाले होते. "असंभव. मेश्राम, मैं बरसों उसमें बैठा हूँ. मैंने कभी धुआँ नहीं देखा."

"साहब," मी म्हटलं, "आप पीछे बैठते थे और आगे देखते थे. धुआँ पीछे से निकलता है."

मेमसाब फिसकन हसल्या आणि पदर तोंडाला लावला. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "ठीक है. आज यहीं रुको. सुबह ठंडी गाड़ी मैं खुद चालू करके देखूँगा."

म्हणजे पाहुणचार नाही, चौकशी. पण रात्रीचं जेवण चांगलं होतं. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. इथं ताटात थोडं वाढून बघत बसतात की मागतो का. मी मागितलं.

दुसरा दिवस

सकाळी साहेब शाल पांघरून आले आणि जन्मात पहिल्यांदा त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसले. किल्ली कुठं लावायची ते यांनी दाखवलं. आम्ही सगळे मागे उभे. मी मेमसाबना बाजूला ओढलं. साहेबांनी किल्ली फिरवली.

पेरूची बाग दिसेनाशी झाली. कोंबड्या ओरडत पळाल्या. निळा धूर वऱ्हांड्यात शिरला, तिथून हॉलमध्ये, आणि काचेच्या कपाटावर जाऊन बसला. साहेब खाली उतरले, मागे आले, खोकले, डोळे पुसले. मग खिशातून फोन काढला, रामदीनला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"रामदीन, मेरी गाड़ी तेल खाती थी क्या?"

तिकडून क्षणाचाही विलंब नाही. "नहीं साहब! एक बूँद नहीं! कसम से!"

धूर अजून आमच्या डोक्यावर तरंगत होता, बेबी. आणि तो माणूस शपथा घेत होता. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, साहेब त्याचं काही वाकडं करू शकत नाही, तरी कण्याला आलेला बाक गेला नाही. मला त्या वेळी असा राग आला की नाव घेऊन टाकावं. पण आमच्या यांनी शब्द दिला होता, आणि साहेबांना आता नाव नकोच होतं.

त्यांनी फोन बंद केला. यांच्याकडे बघितलं. आवाज अगदी लहान. "मेश्राम, और क्या-क्या नहीं बताते थे मुझे?"

मी यांना कोपरानं ढोसलं. आणि मग जे झालं ते मी स्वतः बघितलं नसतं तर तुला सांगितलंच नसतं. आयुष्यभर "येस सर" शिवाय न बोललेला माणूस बोलायला लागला तो थांबेना. सर, आपण दर वर्षी जी झाडं लावायचे ती मरायची, माळी रात्रीतून नवीन आणून लावायचा. सर, आपला राउंड असला की शेडमधले पंखे चालू व्हायचे, आपण गेले की बंद. सर, आपल्या भाषणावर सगळ्यात जास्त टाळ्या वाजवणाऱ्याला लवकर सुट्टी मिळायची. साहेब ऐकत होते. मान खाली, एकेक बोट दुमडत. मग यांची नजर हॉलच्या कपाटाकडे गेली. साहेबांचीही गेली.

"बैडमिंटन?" साहेबांनी विचारलं.

यांनी गळ्यातला मफलर उगाच सारखा केला.

"एक भी नहीं?"

"सर," हे म्हणाले, "एक बार गजभिये सचमुच हारा था. उसको बुखार था."

मेमसाब आता पदरही न लावता हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, "मैं तो पहले दिन से कहती थी, तुम्हारी सर्विस ही नेट में जाती है!" आणि साहेब, मला वाटलं आता चिडतील, फाटकाबाहेर काढतील. तर ते हळूच वऱ्हांड्याच्या पायरीवर बसले. आरामखुर्ची तिथंच होती, पण पायरीवर बसले.

कीव यावी असा चेहरा होता. मला थोडी आली, आणि लगेच गेली. काहून येऊ द्यायची? इतकी वर्षं एवढी माणसं आपल्याशी खरं बोलत नाहीत, हे ज्याला दिसलं नाही, त्यानं स्वतःच तर डोळे मिटून घेतले होते. आणि आमचे लोक काही कमी नाहीत. ज्यांना विहारात सांगितलं आहे की मान ताठ ठेवा, त्यांनीच दर सोमवारी वाकून तेल ओतलं, आणि त्याला चांगुलपणा म्हटलं. हे सगळं मी तिथं बोलले नाही. तुला बोलते आहे.

साहेब एवढंच म्हणाले, "गाड़ी यहीं छोड़ दो. इंजन खुलेगा, जो लगेगा मेरा. ठीक होगी तब भेजूँगा. नहीं हुई तो रख लूँगा." मग यांना म्हणाले, "तुमने कल क्यों बोला?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. "सर, ये बस स्टैंड जा रही थीं."

परत

परत आलो ते मटाराच्या पिकअपमधून. स्टुलावर चढवून मला पुढच्या सीटवर बसवलं, पाय लांब करून. आमचे हे मागे पोत्यांवर, डोक्याला मफलर बांधून, शेंगा सोलून खात. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल बहुत खुश हैं." खरंच होते. मागून गाण्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि आता कळलं की न ऐकलेलाच बरा होता.

गाडी दुरुस्त होऊन आली. इंजिनाच्या आतल्या रिंगा झिजल्या होत्या आणि वरच्या झडपांचे रबरही कडक झाले होते, म्हणून वरूनही तेल झिरपायचं आणि खालूनही वर चढायचं. दोन्ही बदललं. आता मी स्वतः गाडी सपाट जागी लावून, इंजिन थंड असताना पट्टी बघते. जिथं होती तिथंच असते. समोरची बाई दोरीवरचे कपडे काढायला धावत नाही. गजभिये भाऊजी मात्र आमच्याशी बोलत नाहीत; साहेबांनी त्यांना फोन करून ताप किती होता ते विचारलं.

आणि साहेब आमच्या यांनाही फोन करतात, दर आठवड्याला. "मेश्राम, और बताओ." हे सांगतात. मी विचारलं, अजून संपलं नाही काय? हे म्हणाले, "अवो, आता तर फक्त कँटीनपर्यंत आलो."

तुला एवढं सगळं सांगितलं ते काहून, ते समजलं ना? सकाळी ताजं तेल भरून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची अक्कल मला देऊ नको. तशा तेलानं काय होते ते मी पेरूच्या बागेत उभं राहून पाहिलं. येत्या दसऱ्याला मी पाय लांब करून नागपूरला येणार आहे, तुझ्या दारात गाडी लावणार आहे, आणि तू मागे उभी राहून धूर शोधशील तर सापडणार नाही.

पण त्याच्या आधी तू इकडे ये. पोरांना घेऊन ये. मदन महलला उतर, आम्ही घ्यायला येतो. धुवांधार नको, हत्ती नको, मी तुला शेतातला मटार दाखवते आणि कटंगीचा काळा रसगुल्ला खाऊ घालते. लवकर ये बाई, शेंगा निबर होण्याच्या आत.